त्या वाक्यातलं ‘यासाठी’ तेवढं काढा: विज्ञानाची पुस्तकं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

विज्ञानाची पाठ्यपुस्तकं, गाईडं आणि नोट्स लिहिणाऱ्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगते. मी काही प्राध्यापक वगैरे नाही, एका लॅबमध्ये कल्चर सेक्शनला आहे, म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर दिवसभर जंतू वाढवायचे आणि कुठल्या औषधाने मरतात, कुठल्याने मरत नाहीत ते बघून रिपोर्ट लिहायचा. तुमच्याशी भांडायला तसं काही कारण नव्हतं. पण परवा भाची उत्क्रांतीचा धडा घोकत बसली होती आणि तिच्या तोंडून ऐकलं, "उंच झाडांची पानं खाता यावीत यासाठी जिराफाची मान लांब झाली." मी म्हटलं अगं हे चूक आहे. तर म्हणते कशी, "मावशी, असं लिहिलं तरच मार्क मिळतात." आता बोला.

त्या वाक्यातला ‘यासाठी’ हा एकच शब्द सगळा घोळ घालतो. यासाठी म्हटलं की कोणाच्या तरी मनात हेतू आला. कोणाच्या? जिराफाने ठरवलं का, की चला आता मान वाढवूया? की निसर्ग नावाचे कोणी आजोबा वरून बघत होते आणि त्यांना दया आली? गंमत म्हणजे तुम्हीच त्याच धड्यात लिहिता की लामार्कने १८०९ मध्ये मांडलेलं, वापराने अवयव वाढतो आणि ती वाढ पिल्लांना मिळते, हे आता कोणी मानत नाही, आणि चार ओळींनी स्वतःच तेच लिहून मोकळे होता. फक्त नाव डार्विनचं.

खरं काय होतं ते सांगायला तीन गोष्टी पुरतात आणि तिन्ही शेंबड्या पोरालाही माहीत असतात. एका कुत्रीची पाच पिल्लं सारखी नसतात, ही पहिली. पिल्लं आईबापावर जातात, ही दुसरी. आणि जन्मलेले सगळे जगत नाहीत, जगलेल्या सगळ्यांना सारखी पिल्लं होत नाहीत, ही तिसरी. आता यात एवढंच घाला की तो फरक, उंचीचा असो रंगाचा असो, काहीही असो, जगण्याला किंवा पिल्लं होण्याला थोडा जरी उपयोगी पडत असेल तर पुढच्या पिढीत त्या फरकाचे वाटेकरी थोडे जास्त असणार. बस. एवढंच आहे ते. या गोष्टी एकत्र आल्या की पुढचं आपोआप होतं, कोणी करावं लागत नाही आणि थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही.

मुलांचा घोळ होतो तो इथे की त्यांना वाटतं प्राणी बदलतो. एकटा प्राणी काही बदलत नाही हो! तो जसा जन्मला तसा मरतो. बदलतं ते घोळक्यातलं प्रमाण. समजा एखाद्या वर्गातली बुटकी मुलं शाळा सोडून गेली तर वर्गाची सरासरी उंची वाढेल, पण म्हणून राहिलेलं एकही पोर इंचभर वाढलेलं नसेल. नैसर्गिक निवड म्हणजे पहिल्या पायरीला एवढंच, फक्त यात पुढचा वर्ग उरलेल्यांच्याच मुलांनी भरतो आणि हे हजारो वेळा होतं.

आता माझ्या कामाचं सांगते कारण मला राग आला तो त्यामुळेच.

आमच्याकडे सेन्सिटिव्हिटी लावतात म्हणजे काय, तर पेशंटच्या नमुन्यातून वाढवलेले जंतू प्लेटवर सगळीकडे सारखे पसरायचे, वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या गोल कागदी डिस्क ठेवायच्या आणि रात्रभर इनक्युबेटरमध्ये टाकायचं. सकाळी डिस्कभोवती मोकळा गोल दिसला, त्याला आम्ही झोन म्हणतो, तर औषध लागू आहे. तो झोन स्केलने मोजायचा, आकडा लिहायचा. पण कधीकधी काय होतं, झोन छान मोठा असतो आणि त्याच्या आत दोन-तीन टिंबं. चक्क कॉलन्या, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले पुंजके. चहूकडचे सगळे मेले आणि हे आत मजेत वाढलेत. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक नवा मुलगा मला म्हणतो की मॅडम, या जंतूंना औषधाची सवय झाली.

सवय! हा शब्द डॉक्टरसुद्धा पेशंटला सांगताना वापरतात, आणि पेशंट तर त्याहून पुढे जाऊन म्हणतो की "माझ्या अंगालाच आता ते औषध लागू होत नाही", म्हणजे जंतू राहिला बाजूला आणि शरीरच निर्ढावलं. सवय व्हायला आधी जिवंत राहावं लागतं ना. औषध भिडल्यावर तो जंतू मेला, विषय संपला. जे राहिले ते औषध यायच्या आधीपासूनच वेगळे होते.

हे मी मनाने सांगत नाहीये. एक मिलिलिटर गढूळ कल्चरमध्ये रात्रीत शंभर कोटींच्या आसपास जंतू होतात. प्रत्येक वेळी दोनाचे चार होताना सगळा डीएनए उतरवून काढायचा, त्यात कुठेतरी काना-मात्रा चुकणारच. त्या चुकांपैकी बहुतेकींनी काही फरक पडत नाही, काहींनी नुकसान होतं, आणि दहा कोटींत एखाद्याची चूक नेमकी अशा जागी पडते की एखाद्या औषधाला पकडायला जागाच उरत नाही. मग शंभर कोटींत असे किती निघतील तुम्हीच हिशोब करा. ते औषध त्या नळीने जन्मात बघितलेलं नसतं बरं का.

पण जंतू आधीच वेगळा होता की औषध बघून बदलला, हे ठरवणार कसं, कारण औषध घातल्याशिवाय तर कळत नाही! हाच प्रश्न १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी सोडवला आणि मला विचाराल तर हा प्रयोग प्रत्येक पुस्तकात पाहिजे, जिराफ नसला तरी चालेल. लुरिया बुचकळ्यात पडलेला होता, एका डान्स पार्टीत त्याने एका सहकाऱ्याला स्लॉट मशीनवर पैसे घालताना बघितलं. बराच वेळ काही नाही, काही नाही, आणि मग एकदम खळखळ नाण्यांचा ढीग. तिथे त्याची ट्यूब पेटली. जंतूंच्या पुष्कळ छोट्या नळ्या वेगवेगळ्या वाढवायच्या आणि मग प्रत्येक नळी जंतू मारणाऱ्या व्हायरससोबत प्लेटवर ओतायची. जर व्हायरस दिसल्यावर जंतू बदलत असतील तर प्रत्येक प्लेटवर साधारण तेवढेच वाचलेले सापडले पाहिजेत, थोडं इकडेतिकडे. पण जर बदल आधीच, नळीत वाढतानाच, कधीही उगाच होत असेल, तर काही नळ्यांमध्ये तो अगदी सुरुवातीला झालेला असेल आणि त्याची पोरंनातवंडं धरून शेकडो निघतील, आणि बाकीच्या बऱ्याच प्लेटा रिकाम्या किंवा एखाददुसरी कॉलनी. निकाल आला तो स्लॉट मशीनचा. या दोघांना पुढे १९६९ ला नोबेल मिळालं, अल्फ्रेड हर्शीबरोबर, व्हायरसवरच्या एकूण कामासाठी.

(गणित नको म्हणत असाल तर एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांचा १९५२ चा प्रयोग घ्या, तो तर मखमलीच्या कापडावर झालाय. औषध नसलेल्या प्लेटवर कॉलन्या वाढवायच्या, त्यावर मखमल दाबायची, आणि तोच ठसा औषधाच्या प्लेटांवर एकापाठोपाठ उमटवायचा. प्रत्येक प्लेटवर वाचलेली कॉलनी त्याच जागी उगवते. मग मूळ प्लेटवरच्या त्या जागेचे जंतू घेऊन तपासायचे, ज्यांना औषध कधी शिवलंच नाही. तेही मरत नाहीत. खेळ खलास.)

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, जंतूंमध्ये रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला न मरण्याचा गुण, फक्त असल्या चुकांनीच येतो असं नाही, ते एकमेकांना प्लाझमिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांवरून, तयार जीनही देतात, शेजारी वाटी पाठवल्यासारखे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. पण ते मिळालेलं टिकणार की नाही आणि पसरणार की नाही हे पुन्हा जगण्या-वाढण्याच्या त्याच चाळणीवर ठरतं.

चाळणीवरून आठवलं. ‘निवड’ हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो. निवड म्हटलं की निवडणारा आला, निवड समिती आली. आणि हे काही मलाच वाटतं असं नाही, आल्फ्रेड रसेल वॉलेस, ज्याला हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती आणि १८५८ ला डार्विनच्या जोडीनेच जी वाचली गेली, त्याने १८६६ मध्ये डार्विनला पत्र लिहून हेच सांगितलं की बाबा रे, लोकांना यात कोणीतरी बसून निवडतंय असं वाटतं, त्यापेक्षा तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग घे. डार्विनने तो १८६९ च्या आवृत्तीत घेतला. आणि झालं काय, आगीतून फुफाट्यात! कारण स्पेन्सरचा शब्दप्रयोग आपल्याकडे आला तो ‘सक्षम तोच टिकेल’ होऊन, आणि तिथून तुमच्यापैकी कोणीतरी थेट ‘बळी तो कान पिळी’ला जाऊन पोचलं. मी स्वतः वाचलंय हे एका गाईडमध्ये.

बळी तो कान पिळी ही म्हण माणसांच्या दादागिरीबद्दल आहे, तिचा इथे काडीचा संबंध नाही. त्या ‘फिट’चा अर्थ व्यायामशाळेतला नाहीये, आपण दार चौकटीत फिट बसलं म्हणतो ना, तो आहे. चौकट बदलली की तेच दार निकामी.

मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध झालं, त्यात गोरोंगोसा भागातले हत्ती हस्तिदंतासाठी मारले गेले, शंभरातले नव्वदहून जास्त गेले. हत्तीला सुळा म्हणजे हत्यार, अवजार, खोदायला, साल काढायला, सगळं. त्यातल्या काही माद्या आधीपासूनच सुळ्यांशिवाय जन्माला येत होत्या. युद्धाआधी अशा माद्या साधारण १८ टक्के होत्या, युद्धानंतर ५० टक्क्यांच्या आसपास. सांगा आता कोण बळी आणि कोणाचा कान? ज्यांना सुळे होते त्यांना गोळी लागली. २०२१ ला प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की हा गुण एक्स क्रोमोसोमवरच्या जीनशी जोडलेला आहे आणि नर पिल्लाला तो आला तर ते पिल्लू बहुधा जगतच नाही. म्हणजे वाचवणारी गोष्टच निम्मे मुलगे मारते, तरी पसरली, कारण त्या काळात बंदूक त्याहून वाईट होती. निसर्गाने ‘उत्तम’ निवडलं वगैरे लिहिण्याआधी हे डोळ्यासमोर आणा.

नाहीतर रातकिडे घ्या. रातकिड्याचा नर गातो तो मादीला बोलवायला, गाणं गेलं तर संसार गेला. पण हवाईच्या काउआई बेटावर एक माशी आहे ती तेच गाणं ऐकून येते आणि त्याच्या अंगावर अळ्या सोडते, त्या त्याला आतून खाऊन टाकतात. तिथे २००३ च्या सुमारास शास्त्रज्ञांना बहुतेक नर मुके सापडले. पंखावरची घासायची रचनाच बिघडलेली, गाता येतच नाही. वीसहून कमी पिढ्यांत हे झालं. आणि मग या मुक्यांची लग्नं जमतात कशी, तर जे थोडे गाणारे उरलेत त्यांच्या आसपास जाऊन बसायचं आणि गाणं ऐकून येणाऱ्या मादीला वाटेतच गाठायचं. मला हे वाचून इतकं हसू आलं होतं. बिघाड हाच फायदा, पण तोही कोणीतरी गाणारा उरलाय तोवरच.

आता दुसरी खोड, ती शिडी. माकड, जरा ताठ माकड, मग भाला घेतलेला माणूस असं एका रांगेत चाललेलं चित्र. तुमचा तरी काय दोष म्हणा, आपल्या ‘उत्क्रांती’ शब्दातच तो ‘उत्’ बसलाय, वर चढणारा. पण वर असं काही नसतंच. डॅफ्नी मेजर नावाचं गालापागोसमधलं एक छोटंसं बेट आहे, तिथे पीटर आणि रोझमेरी ग्रँट या नवराबायकोने १९७३ पासून वर्षानुवर्षं तिथले फिंच पक्षी पकडून, पायात कडी घालून, चोची मोजून ठेवल्या. १९७७ ला पाऊसच पडला नाही. मऊ बारीक बिया संपल्या, राहिली ती मोठी टणक बी, त्यात एक तर आपल्या गोखरूच्या भावकीतलं काटेरी. मध्यम चोचीच्या त्या जातीतले शंभरातले ऐंशीहून जास्त पक्षी मेले. जे वाचले त्यांच्या चोची सरासरीने जाड होत्या, आणि पुढच्या वर्षी जी पिल्लं झाली त्यांच्याही चोची दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा साधारण ४ टक्के जाड. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा खेळ, पण त्यावर जगणं-मरणं झालं. एकाही पक्ष्याची चोच घासून घासून जाड झाली नाही हे कृपया ठळक टाईपात छापा.

आणि गोष्ट इथे संपत नाही, तुम्ही नेहमी इथेच संपवता. १९८२-८३ ला एल निनोचा धो धो पाऊस पडला, बेट हिरवंगार, बारीक बियांचा सडा, आणि त्यापुढच्या कोरड्या वर्षांत मोठ्या चोचीवाले मागे पडले, बारीक चोचीवाले जास्त जगले. काटा उलटा फिरला. आता यात पुढे गेले की मागे आले? प्रश्नच चुकीचा आहे. चाळणीची भोकं बदलली एवढंच.

(माकडापासून माणूस झाला तर अजून माकडं कशी, हा प्रश्न परीक्षेत येत नाही पण प्रत्येक लग्नात मला कोणीतरी विचारतंच. चुलत भाऊ जिवंत असताना तुम्ही कसे काय जन्मलात असं विचारण्यासारखं आहे ते. आपले आणि माकडांचे खापर-खापर-पणजोबा एक. पुढे चला.)

याच्या उलट टोकाला जाऊन ‘सगळं योगायोगानेच होतं’ असंही एका ठिकाणी छापलेलं बघितलं. तेही नको. चूक कुठे पडणार हे योगायोगावर, त्या जिवाला काय हवंय ते बघून ती पडत नाही, पण पडलेल्यापैकी काय उरणार हे निव्वळ योगायोगावर नाही. आणि उरलेल्यावर पुढचं चढत जातं. रिचर्ड लेन्स्कीने १९८८ ला ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जंतूचे १२ फ्लास्क लावले, रोज त्यातला शंभरावा हिस्सा नव्या फ्लास्कमध्ये, असं दशकानुदशकं चाललंय, आणि मध्ये मध्ये नमुने फ्रीझ करून ठेवायचे. त्यात सायट्रेट नावाचा पदार्थ पहिल्यापासून पडलेला, पण हवेत वाढणाऱ्या ई. कोलायला तो खाता येत नाही. तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर एकाच फ्लास्कमधले जंतू तो खायला लागले, २००८ ला हे छापून आलं. मग त्यांनी जुने फ्रीझ केलेले नमुने उठवून पुन्हा पळवून बघितले, तर अगदी सुरुवातीच्या पिढ्यांना ते जमेना, नंतरच्यांपैकी काहींना पुन्हा जमलं. म्हणजे मधे आधीच काहीतरी तयारी झालेली होती, जिचा तेव्हा सायट्रेटशी काही संबंध नव्हता. बाकीच्या ११ फ्लास्कना तेच अन्न, तीच संधी, तोवर काही नाही. ‘गरज ही शोधाची जननी’ म्हणणाऱ्यांनी या ११ फ्लास्कना जाऊन विचारावं.

परत जिराफावर येते, कारण तो तुम्ही सोडणार नाहीच. पहिलं म्हणजे मान कशामुळे लांब झाली यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, उंचावरची पानं हे एक कारण, पण नर एकमेकांवर माना आपटून भांडतात आणि जिंकणाऱ्याला मादी मिळते हेही कोणी कोणी मांडलंय. दुसरं, एवढ्या लांब मानेत मणके किती? सात. तुमच्या माझ्या मानेत तेवढेच. नवीन मणका मागवला नाही, आहेत तेच ताणून मोठे झाले, अर्थात पिढ्यांमधून. आणि तिसरं मला सगळ्यात आवडतं. घशातल्या स्वरयंत्राला जाणारी एक नस मेंदूकडून निघते, घशाजवळून सरळ खाली छातीत जाते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर घशात येते. आपल्यातही असंच आहे, पण जिराफात हा हेलपाटा काही मीटरचा होतो, कामाचं अंतर वीतभर. का, तर माशासारख्या पूर्वजांमध्ये मान नव्हतीच, ती नस कल्ल्याकडे जाताना त्या रक्तवाहिनीच्या मागून सरळच जायची. पुढे मान आली, हृदय खाली गेलं, नस अडकली ती अडकलीच, कारण प्रत्येक पिढीत थोडी लांब नस चालून जात होती, आणि सगळं उसवून नव्याने शिवायला मधे एक पिढी बंद ठेवता येत नाही. ‘यासाठी’ म्हणून कोणी मान बनवली असती तर ही नस अशी घातली असती का? हा जुगाड आहे, चालतं तोवर चालवा असा.

तर मागणं एवढंच आहे. ‘यासाठी’, ‘म्हणून त्याने’, ‘निसर्गाने त्याला दिलं’, ‘प्रजाती टिकावी म्हणून’ ही वाक्यं शोधा आणि उलटी करा. प्रजातीचं भलं बघायला कोणी बसलेलं नाही, नवा सिंह कळपात आला की आधीच्या सिंहाचे छावे मारून टाकतो, त्यात प्रजातीचं कसलं भलं आलंय, त्याची स्वतःची पिल्लं लवकर होतात एवढंच. उलटी करा म्हणजे असं लिहा: ‘काही जिराफांच्या माना थोड्या लांब होत्या, त्यांना पिल्लं जास्त झाली.’ वाक्य वाढलंसुद्धा नाही बघा. आणि पेपर तपासणाऱ्यांना कळवा की हे लिहिणाऱ्या पोराला पूर्ण मार्क द्यायचेत, कारण भाचीचा मुद्दा तोच आहे आणि तिचं चूक नाही.

चित्र हवं असेल तर माझ्याकडे एका प्लेटचा फोटो आहे. मोठा स्वच्छ झोन, मधोमध डिस्क, आणि आत तीन कॉलन्या, एक जरा मोठी. पेशंटचं नाव-नंबर काही दिसत नाही, सरांची परवानगीही घेऊन ठेवते. फुकट घ्या, माझं नाव टाकू नका. फक्त खाली ‘औषधाला सरावलेले जंतू’ असं लिहिणार असाल तर राहू द्या, तिथे मोराचं चित्र टाका.

तुमची,
कल्चर सेक्शनवाली एक मावशी